खानदेशातल्या डोंगरवाटा एसटीने: प्रकल्प नोंदी

२२ जून २०२५: आखणी

धुळे, चाळीसगाव, जळगाव आणि शहादा ही चार बसस्थानकं धरून, स्वतःच्या गाडीशिवाय करता येतील अशा डोंगरवाटांची पानं तयार करायची. एका वाटेला एकच पान. त्यावर पाच गोष्टी: कुठली गाडी, कुठे उतरायचं, चढ-उताराचा वेळ, पाणी, परतीची गाडी. किल्ल्यांचा इतिहास घेणार नाही, तो हवा तितका मिळतो. अडतं ते परतीच्या गाडीपाशी.

पहिली यादी: धुळ्याहून लळिंग, सोनगीर, भामेर. चाळीसगावहून पाटणादेवी, कन्हेरगड, पितळखोरे. जळगावहून यावल तालुक्यातली मनुदेवी. शहाद्याहून तोरणमाळ. अस्तंबा मुद्दाम सोडला. दिवाळीत तळोद्याकडून जथेच्या जथे चढतात, पण ती यात्रेची वाट आहे, बरीचशी रात्रीची. एका दिवसात आणि एका पानात बसत नाही.

तक्ता शेवटाकडून भरायचा. समजा परतीची गाडी ४ ची आहे. थांब्यावर ३.३० ला हजर. उताराला तास, म्हणजे माथा २.३० ला सोडायचा. वाट चुकण्यासाठी अर्धा तास राखीव, म्हणजे २. माथ्यावर दीड तास, म्हणजे १२.३० ला वर पोचलेलं हवं. चढ दीड तासाचा असेल तर पायथा ११ ला सोडायचा. आता सकाळी कुठली गाडी पकडायची ते आपोआप ठरतं, आणि ११ नंतर पायथ्याला टेकवणारी गाडी कितीही सोयीची वाटली तरी या वाटेला कामाची नाही. प्रत्येक पानावर सगळ्यात वर हाच एक आकडा ठळक येईल: ‘अमुक वाजेनंतर पोचलात तर चढू नका.’

६ जुलै: गाड्यांच्या वेळा कुठल्या आठवड्यांत टिपू नयेत

आज आषाढी एकादशी. या दिवसांत राज्यभरातल्या आगारांच्या गाड्या पंढरपूरला जातात, त्यामुळे खेड्यांच्या काही फेऱ्या कमी होतात. या आठवड्यात फलकावरून उतरवलेल्या वेळा पानासाठी बाद धरल्या. असे आणखी आठवडे: गणपतीत गाड्या कोकणाकडे जातात. दिवाळीत आणि मे महिन्यात शाळा बंद. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, तेव्हा दोंडाईचा–शहादा रस्त्याचं गणित बदलतं.

शाळेचा मुद्दा जरा सविस्तर लिहायला हवा, कारण आडगावांतल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या विद्यार्थ्यांच्या वेळेला बांधलेल्या असतात. सोमवार ते शुक्रवार जी गाडी पाचच्या सुमारास गावातून तालुक्याला जाते, ती शनिवारी सकाळची शाळा असल्याने दुपारीच निघून जाते. रविवारी ती नसते. शाळकरी मुलींसाठीच्या मानव विकास मिशनच्या गाड्यांनाही हेच लागू. म्हणून पानावर परतीच्या गाडीसमोर तीन रकाने केले: रोजचा दिवस, शनिवार, रविवार. डोंगराला जाणारे बहुतेक लोक रविवारी जातात आणि नेमका तोच रकाना सगळ्यात रिकामा असतो. त्यावर उपाय एवढाच की रविवारच्या वाटा हमरस्त्यालगतच्या निवडाव्यात. आडगावच्या वाटांसाठी शुक्रवारची रजा टाकावी.

१३ जुलै: लळिंग

धुळ्याच्या दक्षिणेला साधारण १० किमी, मुंबई–आग्रा महामार्गाला खेटून. मालेगावकडे जाणारी साधी गाडी हवी. नाशिकची जलद किंवा विनावाहक गाडी लळिंगला थांबेल असं गृहीत धरू नये. स्थानकात चढण्यापूर्वी वाहकाला विचारावं: “मास्तर, लळिंग घेता का?” चढल्यावर विचारलं तर गाडी बाहेर पडलेली असते आणि तिकीट पुढच्या थांब्याचं निघतं.

गावातल्या जुन्या महादेव मंदिराकडून वर वाट जाते. चढ सामानासकट पाऊण ते एक तास. वाट मळलेली आहे, पण पहिल्या पावसानंतर मधल्या टप्प्यात मुरमाचा घसारा सुटतो आणि तो चढताना जाणवत नाही, उतरताना पाय सरकतो. काठी एक पुरे. माथ्यावर कोरीव टाकी आणि ललितामातेचं मंदिर. टाक्यातलं पाणी गाळून-उकळून घेतल्याशिवाय पिऊ नये. माणशी २ लिटर खालूनच न्यावं.

परतीला महामार्ग ओलांडून धुळ्याच्या बाजूला उभं राहावं लागतं. दिवसा उजेडात, सगळ्यांनी एकत्र. अंधार पडल्यावर हात दाखवून गाडी थांबत नाही, चालकाला माणूस दिसतच नाही. या पानावर ‘सूर्यास्तापूर्वी अर्धा तास थांब्यावर’ अशी वेगळी ओळ टाकली.

३१ जुलै ही तारीख लळिंगच्या पानावर आवर्जून लिहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली याच दिवशी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामाला होते. त्या आठवणीत दरवर्षी तिथे मोठा मेळा भरतो. तो पाहायचा असेल तर जरूर जावं. किल्ला करायचा असेल तर दुसरा दिवस धरावा, कारण गाड्या तुडुंब असतात.

२० जुलै: सोनगीर, आणि भाड्याचा हिशेब

धुळ्याच्या उत्तरेला २० किमीच्या आसपास, शिरपूरकडे जाणाऱ्या साध्या गाडीने. किल्ला गावाला चिकटून आहे, १५–२० मिनिटांत वर. एकट्या सोनगीरसाठी दिवस घालवण्यात अर्थ नाही. सकाळी लळिंग, दुपारी धुळ्यात जेवण, मग सोनगीर असा जोडदिवस बसतो, कारण दोन्ही त्याच महामार्गावर आहेत आणि गाड्यांना तोटा नाही. ही जोडी नवख्यांना पहिली द्यावी. उतरताना वेळ उरला तर गावात तांब्या-पितळेची भांडी बघावीत, सोनगीर त्यासाठीच ओळखलं जातं. फक्त हंडा विकत घेतला तर तो मांडीवर ठेवून यायचं आहे हे लक्षात असू द्यावं.

भाडं पानावर रुपयांत छापायचं की टप्प्यांत, यावर बराच वेळ गेला. टप्प्यांत छापायचं ठरलं. एक टप्पा ६ किमीचा. २५ जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे १० रुपये ५ पैसे, वर अपघात सहायता निधीचा एक रुपया. लळिंग २ टप्पे, म्हणजे २१ रुपयांच्या आसपास. सोनगीर ४ टप्पे, ४१ च्या आसपास. चाळीसगाव–पाटणादेवी ३ टप्पे, ३१ च्या आसपास. पुन्हा भाडेवाढ झाली तर पान फेकावं लागत नाही, टप्प्याचा दर तेवढा बदलायचा. महिलांना सगळ्या गाड्यांत निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं, ७५ च्या वर मोफत. ज्येष्ठांनी आधार कार्ड सोबत ठेवावं. चार जणांचा गट असेल आणि त्यात दोघी बायका असतील तर तीन तिकिटांच्या पैशांत चौघं जातात.

३ ऑगस्ट

कानबाईचा, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या श्रावणातल्या सणाचा रविवार. सुरतेपासून पुण्यापर्यंतचा भाऊबंद रोटांच्या प्रसादासाठी गावाकडे आलेला. गाडीत पाय ठेवायला जागा नाही, आणि उद्या विसर्जन झाल्यावर परतीलाही तीच गत. या दोन दिवसांत डोंगर नको, ही ओळ सगळ्या पानांवर.

१७ ऑगस्ट: मनुदेवी, पावसाळ्यासाठी रद्द

सातपुड्याच्या कुशीतलं हे ठिकाण लोक पावसाळ्यातच बघायला जातात, कारण मंदिरासमोरचा उंच धबधबा तेव्हाच असतो. यावल–चोपडा रस्त्यावरून आडगाव नावाच्या गावाच्या बाजूने आत वळावं लागतं. मंदिरापर्यंतची सरळ वाट सोपी आहे. पान रद्द केलं ते ओढ्यामुळे. सातपुड्यात वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही नाला भरून येतो. ओढ्याच्या पलीकडे असाल तर पाणी उतरेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि परतीची गाडी कोणासाठी थांबत नाही. स्वतःची गाडी असलेल्या माणसाला दोन तास उशीर परवडतो. एसटीवाल्याला तोच उशीर रात्रभराचा पडतो.

म्हणून दोन पर्याय लिहिले. एक, पाऊस असेल तर ओढा न ओलांडता अलीकडूनच धबधबा बघून फिरायचं. दोन, ऑक्टोबर ते डिसेंबर, जेव्हा ओढा घोट्याएवढा असतो. नवरात्रात जादा गाड्या असतात, पण गर्दीही तशीच. वाटेवर केळीच्या बागा आहेत. हिरव्या घडांना हात लावू नये, पिकलेली केळी रस्त्याकडेला विकत मिळतात आणि चालताना त्यांच्याइतका सुटसुटीत खाऊ नाही.

२१ सप्टेंबर: भामेर

साक्री तालुका. धुळ्याहून आधी साक्री, तिथून निजामपूरकडच्या रस्त्याने. इथे दोन गाड्यांचा प्रवास आहे, आणि वेळ जातो तो साक्रीच्या स्थानकात, दोन गाड्यांच्या मधे. सकाळी धुळ्याहून जितकी लवकरची गाडी मिळेल तितकी घ्यावी, पुढची जोडगाडी चुकली तर फाट्यापर्यंत काळीपिवळी किंवा रिक्षा मिळते. फाट्यावरून गावापर्यंत चालायचा वेळ पानात वेगळा धरला. तो धरला नाही की सगळा तक्ता घसरतो.

गावातच कोरीव खांबांची कमान लागते, तीच किल्ल्याची सुरुवात. डोंगराच्या कड्यात ओळीने लेणी-वजा खोल्या कोरल्या आहेत. त्या खालून मोजत बसण्यापेक्षा सरळ वाट धरून चढावं. खोल्यांसमोरची पट्टी अरुंद आहे आणि सप्टेंबरात तिथे गवत गुडघाभर असतं, कडा कुठे संपतो ते कळत नाही. ऑक्टोबरनंतर हेच गवत वाळून कुसळं सुटतात. मोज्यात शिरलेलं कुसळ दर दहा पावलांना टोचतं. त्यावर उपाय: पँट मोज्यात न खोचता मोज्यावरून खाली सोडायची, आणि जाळीचे बूट घालायचे नाहीत.

पायथ्याची शेतं हा वेगळाच अडसर. खरिपात कपाशी आणि मका उभा असतो, उन्हाळ्यात दिसणारी बांधावरची पायवाट तेव्हा बुजते. मोबाइलमधला मे महिन्यात टिपलेला मार्ग सप्टेंबरात सरळ पिकातून जातो. तसा तो चालू नये. गाडीवाट धरावी, अर्धा किमी जास्त पडतं. काळी माती ओली असेल तर बुटाला शेरभर चिकटते, दर शंभर पावलांना काठीने काढत बसावं लागतं. हा उशीरही तक्त्यात १५ मिनिटांचा धरला. कपाशीवर फवारणी चालू असते, तेव्हा पाटातलं पाणी तोंड धुवायलाही वापरू नये.

आता या सगळ्या कामातली सगळ्यात महाग चूक कुठे होते ते. गावात विचारायचं असतं परतीच्या गाडीचं, आणि विचारलं जातं ‘शेवटची गाडी किती वाजता?’ उत्तर येतं सात, साडेसात. उत्तर खरं असतं. पण ती बहुतेक वेळा मुक्कामी गाडी असते: संध्याकाळी गावात येते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे निघते. तालुक्याला जाणारी शेवटची गाडी त्याच्या दोन-तीन तास आधी गेलेली असते. म्हणून पारावर बसलेल्या एखाद्या बाबांना “आप्पा, गाडी कवय येस?” (गाडी कधी येते?) एवढंच विचारून भागत नाही. विचारायचं असं: “मुक्कामी सोडून, साक्रीला जाणारी शेवटची कुठली?” आणि दोन वेगवेगळ्या माणसांना विचारायचं, त्यातला एक दुकानदार असावा. दुकानदाराचा माल गाडीने येतो, त्याला वेळ पाठ असते. सकाळी ज्या गाडीने आलो तिच्या वाहकालाही विचारून ठेवावं, कारण संध्याकाळी कुठल्या फेऱ्या धावणार ते त्याला बहुधा माहीत असतं.

१२ ऑक्टोबर: पाटणादेवी, कन्हेरगड

चाळीसगावहून १८ किमी. नवरात्र संपल्यावर मुद्दाम आलो, जादा गाड्या आटोपल्यावर फलकावर खरं वेळापत्रक उरतं. हा सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आहे, १९८६ पासून. वनखात्याच्या नाक्यावर नोंद आणि प्रवेशशुल्क. पिशवीतल्या प्लास्टिकची विचारपूस होते, म्हणून डबा स्टीलचा. बिबट्याचं रान आहे, सूर्य मावळायच्या आधी नाक्याबाहेर यायचं.

चंडिकादेवीच्या दर्शनाला जाणारा रस्ता आणि कन्हेरगडाची वाट वेगळी. गडाची वाट जुन्या महादेव मंदिराकडून वर चढते, वाटेत नागार्जुन कोठडी आणि सीतान्हाणी ही लेणी लागतात. लेण्यांपर्यंत वाट ठळक, त्याच्या पुढे झुडपात दोनतीन ढोरवाटा फुटतात. गुरांची वाट आडवी जाते, गडाची वर; आडवी वाट दहा मिनिटं चालूनही चढ लागला नाही तर फिरावं. खुणेला झाडावर रंग मारू नये, अभयारण्य आहे. फाट्यावर तीन दगडांची लगोर पुरे. जाताना एक वाटाड्या घेतलेला बरा, पैसे आधी ठरवून.

आग्या मोहळं कड्याला लोंबतात. अत्तर, डिओ, धूर आणि आरडाओरडा या चारही गोष्टी बंद. लेण्यांत मोठ्याने हाका मारून प्रतिध्वनी ऐकायची हौस असते लोकांना, ती इथे भागवू नये.

ऑक्टोबरात चाळीसगावचं ऊन माणसाला नोव्हेंबर आल्याच्या भ्रमात राहू देत नाही. माणशी ३ लिटर पाणी, त्यातलं एक लिटर परतीसाठी अलग बाटलीत, मीठ-साखर घालून. जेवणाला कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा. भाजी नेली तर दुपारपर्यंत आंबते. कन्हेरगड नावाचा दुसरा गड नाशिक जिल्ह्यात कळवणकडे आहे. नकाशात शोधताना ‘पाटणादेवी’ हा शब्द सोबत टाकावा, नाहीतर मोबाइल भलतीकडे नेतो.

२३ नोव्हेंबर: पाटणादेवी ते पितळखोरे, आरपार

एसटीचा खरा फायदा इथे. मोटारसायकल खाली ठेवली की ती घ्यायला परत खालीच यावं लागतं. एसटीवाला एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरू शकतो. पाटणादेवीहून दरीने वर पितळखोऱ्याची लेणी, तिथल्या पायऱ्यांनी पठारावर, पुढे डांबरी रस्त्याने चालत कन्नड–चाळीसगाव हमरस्ता, आणि तिथून घाटाने खाली चाळीसगाव.

दिशा कुठली, यावर खल झाला. वरून खाली आलं तर चढ वाचतो. तरीही खालून वर हीच दिशा पानावर ठेवली. कारण गाड्या: पाटणादेवीच्या टोकाला फेऱ्या मोजक्या, हमरस्त्यावर दिवसभर. जिथे गाड्या कमी तिथे सकाळी सुरुवात करावी, जिथे जास्त तिथे संध्याकाळी बाहेर पडावं. मग दरीत दोन तास जास्त लागले तरी एक फेरी चुकते, दिवस चुकत नाही. आता इतर वाटाही याच कसोटीवर परत तपासतोय.

दरीची वाट नदीच्या पात्राला धरून जाते, गोटे मोठे आणि शेवाळलेले. नाक्यावर परवानगी घेऊन आणि वाटाड्यासोबतच. वेळेचा अंदाज किमीवर बांधू नये. गोट्यांवर सपाटीच्या निम्म्या वेगाने चालणं होतं. जून ते ऑक्टोबर हे पान बंद. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस याच डोंगरांत पडलेल्या पावसाने डोंगरी आणि तितूर नद्यांना आलेला पूर चाळीसगावात शिरला होता आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या होत्या. म्हणजे पावसाळ्यात खालची वाट आणि वरचा परतीचा रस्ता दोन्ही एकाच दिवशी बंद होऊ शकतात.

दरीत मोबाइलला रेंज नाही. नकाशा आधी उतरवून ठेवायचा, फोन विमान मोडवर. रेंज शोधत राहिला की दुपारीच बॅटरी झोपते.

१४ डिसेंबर: तोरणमाळ, एकदिवसाच्या यादीतून बाहेर

साधारण १,१५० मीटर उंची, शहाद्याहून ५५ किमीच्या आसपास, शेवटचा भाग सातपायरीच्या वळणांचा घाट. धुळ्याहून किंवा जळगावहून सकाळी निघून त्याच दिवशी परत, हे कागदावर जेमतेम बसतं आणि एक जोडगाडी हुकली की मोडतं. डिसेंबरात पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी वर पोचून हाती काही लागत नाही.

पान दोन दिवसांचं केलं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत वर, यशवंत तलावाची फेरी, मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी सीताखाई, मग खाली जाणारी गाडी. मुक्कामाची जागा आधी ठरवून जावं. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा भरते, त्या आठवड्यात जागा मिळणं अवघड. थंडी खानदेशच्या सपाटीच्या मानाने बरीच. स्वेटर पुरत नाही, कानटोपी आणि अंगावर एक जाड पांघरूण हवंच. रोख पैसे शहाद्यालाच काढून घ्यावेत.

११ जानेवारी २०२६: पानांची शेवटची मांडणी

छापायला सहा पानं तयार: लळिंग–सोनगीर जोडी, भामेर, मनुदेवी (फक्त ऑक्टोबर–डिसेंबर), कन्हेरगड, पितळखोरे आरपार, तोरणमाळ दोन दिवस. गाड्यांच्या वेळा शाईने छापायच्या नाहीत, तिथे रिकामे रकाने. जाणाऱ्याने आदल्या दिवशी स्थानकातल्या चौकशी खिडकीवर विचारून पेन्सिलीने भरायचे. फोनवर विचारलेली वेळ आणि फलकावरची वेळ जुळली नाही तर दोन्हींतली लवकरची धरावी.

उन्हाळ्याचं पान करत नाही. मार्च अखेरपासून जळगाव–धुळ्यात पारा चाळिशीकडे जातो, मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकतो, आणि काळा बसाल्ट सकाळी दहालाच तापलेला असतो. फार तर सोनगीर, तेही पहिल्या गाडीने जाऊन नऊच्या आत खाली.

उरलेलं काम: भामेरच्या फाट्यापासून गावापर्यंतचं चालणं उन्हात परत मोजणं, पितळखोऱ्याच्या वरच्या टोकाला पिण्याचं पाणी फेब्रुवारीनंतर मिळतं का ते पाहणं, आणि शनिवारचा रकाना सगळ्या पानांवर पुन्हा भरणं, कारण दिवाळीनंतर काही फेऱ्यांच्या वेळा बदलल्या आहेत.